व्याख्या सगळ्यांत शेवटी

जूनमध्ये कथकच्या वर्गाला नवी तुकडी येते, तेव्हा पालकांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "ताई, गाणं कधी बसवणार?" आणि दुसरा, "परीक्षेला कधी बसवणार?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आपलं मूल गॅदरिंगला स्टेजवर दिसावं, हातात प्रमाणपत्र यावं, असं कुणालाही वाटणारच. मी त्यांना सांगते, की पहिल्या वर्षी उभं राहणं, पाय टाकणं, मोजणं, हात उचलणं आणि बघणं एवढंच शिकवणार. त्यावर चेहरे जरा उतरतात. या पाचही गोष्टी आपल्या मुलाला येतातच, असं त्यांना वाटत असतं.

पुण्यात कथक शिकवायचं म्हणजे नांगरलेल्या जमिनीत पेरण्यासारखं आहे. रोहिणीताई भाटे यांनी इथे १९४७ साली 'नृत्यभारती' सुरू केली, तेव्हा घरंदाज मुलीने पायात घुंगरू बांधायचे ही कल्पनाच अनेक घरांत खपत नव्हती. त्यांच्या विद्यार्थिनी त्यांना बेबीताई म्हणत. त्या आणि त्यांच्या पिढीतल्या इतर गुरूंनी नाचाला अभ्यासाची प्रतिष्ठा मिळवून दिली. आज पेठेपासून उपनगरापर्यंत कथकचे वर्ग चालतात आणि आईवडील मुलीला हौसेने घेऊन येतात, ही त्यांचीच पुण्याई. पण प्रतिष्ठेबरोबर वह्याही आल्या. नृत्त म्हणजे काय, लय म्हणजे काय, सम म्हणजे काय, याची उत्तरं मुलं घडाघडा म्हणून दाखवतात. इतकी वर्षं शिकवून माझं एक मत पक्कं झालं आहे. नवख्या विद्यार्थ्याला नृत्याची भाषा द्यायची ती आधी अंगाने आणि जिभेने. व्याख्या सगळ्यांत शेवटी. क्रम उलटा झाला, की मूल बोलकं होतं आणि नाच मुका राहतो.

सुरुवातीला मी मुलांना नुसतं उभं करते. पावलं शेजारी शेजारी, गुडघे सरळ पण ताठरलेले नाहीत, पोट किंचित आत, खांदे खाली, मान लांब. दोन्ही हात छातीसमोर, कोपरं खांद्याच्या रेषेत. अर्ध्या मिनिटात कोपरं खाली येऊ लागतात, एक पाय सैल पडतो, कंबर एका बाजूला कलते. दप्तर वागवून खांदे पुढे आलेले असतात, मोबाइलमध्ये बघून मान पुढे झुकलेली असते. त्या शरीराला सरळ उभं राहण्याची पुन्हा ओळख करून द्यावी लागते. काही मुलांच्या बाबतीत यात अख्खा पावसाळा जातो आणि तो सत्कारणी लागतो.

शैली म्हणजे काय, हेही उभं राहण्यातूनच समजतं. एकदा वर्गात एक मुलगी आली. वडिलांची बदली झाली होती, आधीच्या गावी ती भरतनाट्यम शिकली होती. मी लेहरा, म्हणजे तालाच्या साथीला पुन्हा पुन्हा फिरणारी धून, लावला की तिचे गुडघे आपोआप बाहेर वळायचे आणि ती अर्ध्या बैठकीत जायची. ती अरमंडी. भरतनाट्यमचे बहुतेक अडवू, म्हणजे हातापायांच्या मूळ हालचाली, त्या बैठकीतून उगवतात. तिला कथकमध्ये सरळ उभं राहताना काहीतरी हरवल्यासारखं वाटायचं. मी तिला म्हटलं, "तू आधी अरमंडीत पाय टाक, मग सरळ उभी राहून टाक, आणि दोन्हींत काय फरक वाटतो ते सांग." थोड्या वेळाने ती म्हणाली, "ताई, खाली बसलं की जमीन जवळ वाटते. उभं राहिलं की पाय मोकळे होतात." शैलींमधला फरक इतका नेमका मी कधी सांगू शकले नसते. कथकमध्ये पाय मोकळे राहतात, म्हणूनच पायाचं जलद काम आणि एकामागून एक चक्कर शक्य होतात.

त्या दिवशी मी बाकीच्या शैलीही उभं राहूनच दाखवल्या. ओडिसीची चौकोनी बैठक, म्हणजे चौक, आणि मान, कंबर, गुडघा असा तीन ठिकाणी वळणारा त्रिभंग. कथकलीत पावलाच्या बाहेरच्या कडेवर तोललेलं शरीर. मोहिनीअट्टममधलं गोलाईने झुलणारं धड. मणिपुरीतलं हलकं, आवाज न करणारं पाऊल, जिथे घोट्याला घुंगरूच नसतात. कुचिपुडीत पितळी ताटाच्या कडेवर उभं राहून केलेलं तरंगम. आणि आसामच्या सत्रांमध्ये, म्हणजे वैष्णव मठांमध्ये, वाढलेलं सत्रिय, ज्याला संगीत नाटक अकादमीने २००० साली शास्त्रीय नृत्य म्हणून मान्यता दिली. आठ शैलींची यादी पाठ करून घेतली असती, तर परीक्षेनंतर ती पुसली गेली असती. आठ तऱ्हांनी उभं राहून बघितलं, की निदान चार तरी आयुष्यभर ओळखू येतात.

उभं राहता आलं, की पाय. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. उजवा, डावा, उजवा, डावा. मग डावा, उजवा, डावा, उजवा. आठ मात्रांचा हा तत्कार कथकचं पहिलं पाऊल, आणि सगळी गंमत चौथ्या आणि पाचव्या मात्रेच्या सांध्यात आहे. चौथ्या मात्रेला डावा पाय पडतो आणि पाचव्यालाही डावाच. तसंच आठव्याला उजवा आणि पुढच्या पहिल्या मात्रेला पुन्हा उजवा. चालताना आपण पाय आलटून पालटून टाकतो. ती जन्माची सवय इथे मोडायची असते. मुलं नेमकी पाचव्या मात्रेला अडखळतात.

एका मुलीचा हा सांधा काही केल्या जुळत नव्हता. "डावा, डावा" असं मोठ्याने म्हणत ती उजवाच टाकायची आणि रडकुंडीला यायची. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसून तिची पावलं पाहिली. चौथ्या मात्रेला ती डावा पाय नीट वाजवत होती, पण त्याच क्षणी सगळं वजन त्या पायावर टाकत होती. ज्या पायावर आपण उभे आहोत तो पाय उचलणार कसा? मी म्हटलं, "चौथ्याला डावा पाय फक्त वाजव. उभी मात्र उजव्यावरच राहा." तिने डोळे मिटले, दोनदा करून पाहिलं आणि तिसऱ्यांदा सांधा जुळला. मग ती थांबेचना. पाय वाजवणं आणि पायावर उभं राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वजन कुठे आहे याचं भान हे नृत्याचं पहिलं तत्त्व, जगातल्या कुठल्याही नाचाचं. ते तिला त्या दिवशी पाचव्या मात्रेने शिकवलं.

पाय वाजवण्याचीही रीत आहे. आमच्या वर्गात शहाबादी फरशी आहे आणि ती चुका लपवत नाही. पाऊल चार बोटं उचललं तरी पुरतं, पण तळवा सपाट पडायला हवा. टाच आधी पडली, की आवाज बोदा येतो आणि हिसका थेट गुडघ्यात जातो. मुलांना वाटतं, जोरात आपटलं की जास्त वाजेल. म्हणून घुंगरू मी बऱ्याच उशिरा देते. घुंगरांच्या नादात कच्चा तळवा झाकला जातो. उघड्या पायाचा आवाज स्वच्छ झाला, की मग दोरीत एकेक गाठ मारून ओवलेला छोटा चाळ बांधायचा. मोठे कलाकार एका पायात शंभर, दीडशे घुंगरू बांधतात, नवख्या पायाला त्याच्या निम्मेही जड होतात.

मोजणं हे कथकचं हाड आहे. तीनतालाच्या सोळा मात्रा, चार-चारचे चार विभाग. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला काल. कालाला टाळी न वाजवता तळहात उलटा करून बाजूला न्यायचा. हातावर हे चालू ठेवून तोंडाने बोल म्हणायचे, ती पढंत. माझ्या वर्गात जे तोंडात नाही ते पायात मागायचं नाही, असा नियम आहे. बोल म्हणताना श्वास कुठे घ्यायचा, कुठल्या अक्षरावर जोर, कुठे विराम, हे जिभेला कळलं की पायाचं अर्धं काम झालेलं असतं.

इथे नवख्यांचा एक घोळ जवळजवळ ठरलेला असतो. दुगुन म्हटलं, की सगळा वर्ग घाई करू लागतो. टाळीही दुप्पट वेगाने पडायला लागते आणि मागचा लेहरा बिचारा एकटा पडतो. मग मी पाय थांबवते आणि मुलांना टाळी देत बसवते, मिनिटाला साठ मात्रा, सेकंदाला एक. मात्रा हलली नाही पाहिजे. आता एका मात्रेत एक बोल म्हणा, ही ठाय. त्याच मात्रेत दोन, ही दुगुन. त्याच मात्रेत चार, ही चौगुन. सोळा मात्रांच्या एका आवर्तनात चौगुनीत चौसष्ट पदाघात होतात, पण टाळी होती तिथेच राहते. हात संथ आणि पाय जलद, हे दोन्ही एकाच अंगात सांभाळणं पहिल्यांदा जमतं, तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो त्यासाठी मी हा व्यवसाय कितीही वर्षं करीन. त्यानंतर सांगते, की जी हलली नाही ती लय. आता वहीत लिहा.

आणि मग तिहाई. एकच तुकडा तीनदा म्हणायचा आणि तिसऱ्याचा शेवटचा बोल बरोबर समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर आणायचा. 'तिग्दा दिगदिग थेई' हा तीन मात्रांचा तुकडा नवव्या मात्रेपासून उचलला, की तीन त्रिक नऊ, आणि शेवटचा 'थेई' सतराव्या मात्रेवर, म्हणजेच पुढच्या समेवर येतो. पहिल्या मात्रेपासून उचलायचं असेल तर पाच मात्रांचा तुकडा घ्यायचा, मध्ये एकेक मात्रा दम घ्यायचा: पाच, एक, पाच, एक, पाच, बेरीज सतरा. पंडित बिरजू महाराज तर नुसत्या आकड्यांच्या तिहाया म्हणत. साध्या मोजणीतून त्यांनी अख्ख्या सभागृहांना समेची वाट बघायला शिकवलं. माझ्या वर्गातही फळ्यावर आकडे मांडले, की गणिताला घाबरणारी मुलंसुद्धा पुढे सरकून बसतात.

माझ्याकडे मोठ्या वयाचेही विद्यार्थी येतात. बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू फळ्यावरची तिहाई सगळ्यांच्या आधी सोडवायच्या. उभ्या राहिल्या, की मात्र तिसरा 'थेई' समेच्या मागे पडायचा. "ताई, हिशोब तर बरोबर आहे!" असं त्या कळवळून म्हणायच्या. हिशोब बरोबरच होता, फक्त तो कागदावर होता. मी त्यांना पायांचं काम बंद करून नुसती पढंत दिली. त्या बसस्टॉपवर, कुकरच्या शिट्ट्यांची वाट बघताना, नातीला झोपवताना बोल म्हणू लागल्या. पुढे वर्गात एकदा पाऊल समेवर पडलं आणि त्यांना ते पडण्याआधीच कळलं होतं. सम मोजून सापडत नाही, ती येताना जाणवावी लागते, हे मला त्यांच्याकडे पाहून नव्याने पटलं.

हातांकडे मी पायांनंतर वळते. नंदिकेश्वराच्या अभिनयदर्पणात एका हाताच्या म्हणजे असंयुत हस्तमुद्रा अठ्ठावीस आणि दोन्ही हातांच्या म्हणजे संयुत मुद्रा तेवीस आहेत. मानेचे चार भेद, दृष्टीचे आठ, शिराचे नऊ. भरताच्या नाट्यशास्त्रातले आकडे वेगळे: असंयुत चोवीस आणि संयुत तेरा. परीक्षेसाठी हे पाठ करावं लागतं आणि मुलं करतातही. मी सुरुवात फक्त पताकापासून करते. चारही बोटं सरळ, एकमेकांना चिकटलेली, अंगठा दुमडलेला. या एका मुद्रेने ढग दाखवता येतो, अरण्य, रात्र, नदी, वारा, घोडाही दाखवता येतो. 'नको' म्हणता येतं, आशीर्वाद देता येतो. मी मुलांना सांगते, "पताकाच ठेवा आणि मला नदी दाखवा." हात लाटेसारखा हलतो. "आता तोच हात, पण ढग." हात वर जातो, आणि हाताबरोबर हनुवटी आणि डोळेही वर जातात. बोटं तीच होती, ढग डोळ्यांनी आणला. हात जिथे जाईल तिथे नजर जावी, नजरेमागे मन आणि मनामागे भाव यावा, ही अभिनयदर्पणातली शिकवण मुलांना त्या क्षणी आतून कळते. मग श्लोक पाठ करायला दिला, तर तो त्यांना आपला वाटतो.

अभिनयाचं सगळ्यांत अवघड काम म्हणजे नसलेल्या वस्तूला वजन देणं. कथकमध्ये घागरीची गत असते. डोक्यावर घागर घेऊन पाण्याला जाणारी स्त्री. माझ्या वर्गातल्या मुलींनी पाणी नळातून येताना पाहिलेलं. त्यांच्या हातातली घागर वाऱ्यावर उडून जाईल इतकी हलकी असायची. मग मी घरची कळशी आणली, गळ्यापर्यंत भरली आणि एकेकीला उचलायला लावली. खाली वाकताना गुडघे आधी वाकले. उचलताना श्वास आत गेला आणि क्षणभर तिथेच थांबला. कमरेवर घेतल्यावर दुसरा खांदा आपोआप वर गेला, रिकामा हात तोल सांभाळायला बाहेर आला, पावलं आखूड झाली आणि पाणी हिंदकळलं, तशी नजर आधी कळशीकडे आणि मग वाटेकडे गेली. हे सगळं त्यांनी एकमेकींकडे बघून टिपलं. नंतर कळशी बाजूला ठेवली आणि म्हटलं, "आता तिच्याशिवाय." त्या दिवशी वर्गात पहिल्यांदा पाणी दिसलं.

त्यानंतर नृत्त आणि नृत्य यांतला फरक सांगणं अगदी सोपं गेलं. तुकडा, तोडा, तिहाई यांत शरीर लयीशी खेळतं, तिथे गोष्ट सांगायची नसते, ते नृत्त. घागरीत अर्थ आणि भाव आला, ते नृत्य. आणि पात्रं, प्रसंग, कथा उभी राहिली की नाट्य. अंगाने केलेला तो आंगिक अभिनय, बोलांचा आणि गाण्याचा वाचिक, वेशभूषेचा आहार्य, आणि आतून उमटणारा सात्त्विक. श्वास थांबला होता ना कळशी उचलताना? सात्त्विक तिथून सुरू होतो.

बघणं हे मी पाचवं म्हणते, पण ते पहिल्या दिवसापासून चालू असतं. चक्कर शिकवताना त्याची खरी कसोटी लागते. डावी टाच जागेवर, उजवा पाय तिच्याभोवती फिरतो, आणि चेहरा सगळ्यांत शेवटी वळून सगळ्यांत आधी समोर परत येतो. समोरच्या भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं आहे, त्यातली एक लाल तारीख निवडायची आणि दर फेरीला तिलाच गाठायचं. ज्या मुली आजोळी नागपंचमीला, मंगळागौरीला फुगडी घालून आलेल्या असतात, त्या लवकर शिकतात. फुगडीत समोरच्या मैत्रिणीच्या चेहऱ्यावर नजर खिळलेली असते, म्हणून गरगर होत नाही, आणि मागे रेललेल्या अंगाचा तोल कसा राखायचा, हेही ठाऊक असतं. लेझीम खेळलेल्या मुलांना चाराचा ठेका वेगळा शिकवावा लागत नाही. म्हणून नव्या विद्यार्थ्याला मी आवर्जून विचारते, "तुला आधी काय येतं?" कोरं अंग घेऊन कुणीच येत नाही. झिम्मा, गोविंदा, वरातीतला नाच, गणपतीतली ढोलपथकाची पावली, सगळं अंगात साठलेलं असतं. शास्त्रीय नृत्याने ते पुसायचं कारण नाही. त्याला नाव द्यायचं, आकार द्यायचा आणि त्यावर उभं राहायचं.

माझ्या बहुतेक विद्यार्थिनी नर्तकी होणार नाहीत. आठवी-नववीत क्लासच्या वेळा जुळेनाशा होतात, दहावीला घुंगरू कपाटात जातात, आणि मी त्यांना अडवत नाही. पण वर्षभर जरी कुणी मनापासून पाय टाकले असतील, तरी ती मुलगी पुढे कुठल्याही मैफलीत बसली, की तबलजी आणि नर्तकी समेच्या दिशेने निघाले आहेत हे तिला ऐकू येतं. तिची मान आपोआप हलते. लावणीतली ढोलकी ऐकताना ठेका कुठे वळला, हे तिला कळतं. अनोळखी शैली पाहतानाही वजन कुठे आहे, नजर कुठे आहे, हे ती शोधते. कलेला नाचणाऱ्यांइतकीच अशा बघणाऱ्यांची गरज आहे, आणि असे बघणारे प्रमाणपत्राने घडत नाहीत. ते पहिल्या वर्षात घडतात.

माझ्याकडे शिकून आता स्वतःचे वर्ग सुरू करणाऱ्या मुलींना म्हणूनच मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते. पहिल्या वर्षी पालक घाई करतील, परीक्षेची तारीख घाई करेल, तुम्ही करू नका. मुलाला पाचव्या मात्रेवर अडखळू द्या, वजन कुठे गेलं ते स्वतःचं स्वतः शोधू द्या, रिकाम्या हातात पाणी भरू द्या. मग जे सापडलं त्याला त्याचं नाव सांगा. असं मिळालेलं नाव ते मूल विसरणार नाही, आणि उद्या दुसऱ्या कुणाला शिकवायची वेळ आली, तर तिथपर्यंत पोहोचायची वाटही त्याला दाखवता येईल.